डाउन सिंड्रोम असलेल्या आप्तासाठी कायमचे घर निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझा धाकटा भाऊ ४६ वर्षांचा आहे. त्याला डाउन सिंड्रोम आहे आणि गेली ७ वर्षे तो पुण्याजवळच्या एका निवासी संस्थेत राहतो. त्याच्यासाठी घर शोधताना आम्ही ११ संस्था पाहिल्या, त्यातली एक चुकीची निवडली, तिथून त्याला परत आणले आणि मग आताचे ठिकाण सापडले. ही हकीकत ओळखीच्यांत पसरल्यापासून पालक आणि भावंडे प्रश्न पाठवत राहतात. तेच ते प्रश्न येथे एकत्र केले आहेत. कायद्याची कलमे मुद्दाम आकड्यांसह दिली आहेत, कारण कार्यालयातल्या टेबलासमोर 'असे ऐकले आहे' या वाक्याला काही किंमत नसते.

१. प्रौढ व्यक्तीसाठी नेमक्या कोणत्या प्रकारची घरे असतात?

शासनमान्य निवासी विशेष शाळा १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असतात. त्यापुढे काही ठिकाणी प्रौढांच्या निवासी कार्यशाळा आहेत, पण जागा थोड्या आणि मागणी मोठी अशी स्थिती आहे. म्हणून बहुतेक कुटुंबे स्वयंसेवी संस्थांकडे वळतात. त्यांत ढोबळमानाने दोन घडणी दिसतात. एक वसतिगृहाची: मोठी इमारत, हॉलमध्ये खाटा, पाळीने काम करणारे कर्मचारी. दुसरी कुटुंबाची: एका घरात मोजकी माणसे आणि त्यांच्याबरोबरच राहणारी गृहमाता. मुळशी तालुक्यातल्या कोळवण येथील 'साधना व्हिलेज' ही दुसऱ्या घडणीची महाराष्ट्रातली परिचित संस्था आहे. पालकांनी स्वतः एकत्र येऊन उभी केलेली घरे हाही एक प्रवाह आहे. बदलापूरची 'आधार' ही त्यातली जुनी आणि मोठी संस्था.

याखेरीज बौद्धिक आणि इतर काही दिव्यांग व्यक्तींसाठी काम करणाऱ्या केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या दोन योजना होत्या, त्या आता 'समर्थ-कम-घरौंदा' या नावाने एक झाल्या आहेत. 'समर्थ' ही प्रामुख्याने थोड्या काळाच्या निवासासाठी आणि 'घरौंदा' ही १८ वर्षांवरील व्यक्तींच्या दीर्घकालीन निवासासाठी होती. ही योजना न्यासाकडे नोंदवलेल्या संस्थांमार्फत चालते, त्यामुळे अर्ज संस्थेकडे करावा लागतो.

२. आई-बाबा अजून धडधाकट आहेत. शोध केव्हा सुरू करावा?

आताच. हे उत्तर कोणालाच आवडत नाही, आमच्या आईलाही आवडले नव्हते. पण आई-वडील हिंडते-फिरते असताना निवडलेल्या घरात ते स्वतः जाऊन बसू शकतात, जेवू शकतात, चार रात्री मुलाला ठेवून पाहू शकतात आणि नाही पटले तर परत आणू शकतात. रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाबाहेर बसून फोनवर शोधलेल्या घराबाबत यातले काहीही शक्य नसते. अमेरिकेतली आकडेवारी सांगते की १९८३ च्या सुमारास डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीचे सरासरी आयुर्मान २५ वर्षे होते आणि आज ते साठीच्या घरात आहे. मूल आपल्या आधी जाईल हे जुन्या पिढीचे गृहीतक, जे कोणी उघड बोलत नसे पण सगळे धरून चालत, ते आता मोडीत निघाले आहे.

प्रत्यक्ष मुक्काम हलवण्यासाठी सोयीचे वय कोणते, असे विचारले तर माझे मत तिशीच्या आसपासचे आहे. शाळा-कार्यशाळेचा काळ संपलेला असतो, प्रकृती बरी असते आणि नवी सवय लावून घेण्याची उमेद शिल्लक असते. चाळिशीनंतर ती कमी का होते ते प्रश्न ८ मध्ये पाहावे.

३. संस्थेत ठेवणे म्हणजे टाकून देणेच नाही का?

हा प्रश्न बहुधा नातेवाईक विचारतात आणि विचारणाऱ्यांपैकी कोणीही त्याला आपल्या घरी नेण्याची तयारी दाखवत नाही. घरातला दुसरा पर्याय भावंडांचा असतो. तो चांगला असू शकतो, पण भावंडाने, त्याच्या जोडीदाराने आणि खुद्द त्या व्यक्तीने, अशा तिघांनी मनापासून होकार दिला असेल तरच. 'धाकटा बघेलच' असे गृहीत धरून कागदोपत्री काहीच न करणे हा मला टाकून देण्याचाच सभ्य प्रकार वाटतो.

४. संस्था नोंदणीकृत आहे हे कसे तपासायचे?

'आमची संस्था रजिस्टर्ड आहे' या वाक्याला दोन वेगळे अर्थ असतात. एक म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडे न्यास म्हणून झालेली नोंदणी. ती असली म्हणून दिव्यांगांना निवासी ठेवण्याचा अधिकार मिळत नाही. त्यासाठी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ५० नुसार वेगळे नोंदणी प्रमाणपत्र लागते आणि ते नसताना अशी संस्था चालवता येत नाही. हे प्रमाणपत्र पाहायला मागावे. त्यावरची मुदत, मंजूर प्रवेशसंख्या आणि पत्ता वाचावा. पत्ता वाचण्याचे कारण असे की मुख्य कार्यालयाच्या नावावर घेतलेल्या कागदावर दुसऱ्या गावातली शाखा चालवलेली आम्ही पाहिली आहे. शंका असल्यास जिल्ह्याच्या दिव्यांग कल्याणाचे काम पाहणाऱ्या कार्यालयात किंवा पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तालयात विचारावे. संस्था राष्ट्रीय न्यासाकडेही नोंदवलेली असेल तर ते अधिक चांगले.

५. पाहायला गेल्यावर नेमके काय पाहायचे?

कार्यालय, ट्रॉफ्यांचे कपाट आणि राख्या-पणत्यांचे प्रदर्शन दाखवले जाईलच. ते पाहून घ्यावे आणि मग न्हाणीघर दाखवा असे म्हणावे. टॉवेल नावानिशी वेगळे टांगले आहेत की दोरीवर सगळ्यांचे मिळून चार, दाराला आतून कडी आहे की नाही, फरशी कोरडी आहे की नाही, एवढ्यावरून त्या घराचा बराच अंदाज येतो.

दुसरी भेट न सांगता, शक्यतो कामाच्या वारी दुपारी साडेतीनच्या सुमारास द्यावी. सकाळचे वर्ग संपलेले असतात, चहा व्हायचा असतो, पाहुण्यांची वेळ नसते. आता जिथे भाऊ राहतो तिथे आम्ही अशाच वेळी गेलो होतो. व्हरांड्यात एक पन्नाशीचे गृहस्थ स्टीलचे पेले एका ओळीत मांडत होते. एक पेला वाकडा होता म्हणून त्यांनी सगळी ओळ पुन्हा लावली, आणि चहाची किटली घेऊन आलेल्या मावशी तोवर शांतपणे उभ्या राहिल्या. त्या 'चला, उरका' म्हणाल्या नाहीत. आईने तिथेच माझा हात दाबला. पुढची सगळी चौकशी आम्ही रीतसर केली, पण निवड त्या क्षणी झाली होती.

विचारायचे प्रश्न साधे असावेत. रात्री खोलीत किंवा शेजारी कोण झोपते? किती जणांमागे एक कर्मचारी, आणि तो आकडा रविवारी रात्री किती? सर्वांत जुन्या मावशी किती वर्षांपासून आहेत? नखे कोण कापते, दाढी कोण करते? प्रत्येकाला कुलूप लागणारे स्वतःचे कपाट आहे का? कपडे स्वतःचे घालतात की धुवून आलेल्या ढिगातून मिळेल ते? मागच्या वर्षभरात किती जण संस्था सोडून गेले आणि का? उत्तरांइतकेच उत्तर देणाऱ्याच्या तोंडाकडे लक्ष असावे. शक्य तर तिथे आधीपासून राहणाऱ्या दोघा-तिघांच्या कुटुंबांशी बोलावे. त्यांचे क्रमांक संस्थेकडून न घेता भेटीच्या रविवारी फाटकाशी उभे राहून मिळवावेत.

एक बारीक गोष्ट. चाळीस-पन्नास वर्षांच्या माणसांना तिथे काय हाक मारतात ते ऐकावे. सगळीकडे 'आमची मुले' म्हणतात, त्यात प्रेम असते हे मान्य आहे. पण ज्या घरात कोणी कोणाला 'काका', कोणाला 'ताई', कोणाला नुसत्या नावाने हाक मारते, तिथे प्रत्येकाकडे वेगवेगळे माणूस म्हणून पाहिले जात असण्याची शक्यता अधिक.

६. संस्था नामांकित आहे, मग एवढी चौकशी कशाला?

ज्यांच्या नावावरून या स्थितीला डाउन सिंड्रोम म्हणतात त्या डॉ. जॉन लॅंग्डन डाउन यांनी १८६६ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले आणि १८६८ मध्ये लंडनजवळ टेडिंग्टन येथे पत्नी मेरी यांच्यासह 'नॉर्मन्सफील्ड' नावाचे निवासी घर सुरू केले. तिथे राहणाऱ्यांच्या करमणुकीसाठी १८७९ मध्ये स्वतंत्र नाट्यगृह बांधले गेले. त्या काळाच्या मानाने ते घर फारच पुढचे होते. तेच नॉर्मन्सफील्ड पुढे सरकारी रुग्णालय झाले आणि तिथली दशा अशी झाली की १९७६ मध्ये परिचारकांनी संप केला आणि चौकशी समिती नेमावी लागली. वास्तू तीच होती, नावही तेच होते. माणसे बदलली होती. म्हणून संस्थापकांची पुण्याई ऐकून घ्यावी, पण आज रात्री ड्यूटीवर कोण आहे हे विचारल्याशिवाय उठू नये. संस्थापक थकलेले असतील तर त्यांच्यामागे कारभार कोणाकडे जाणार, हाही प्रश्न सरळ विचारावा. आम्ही विचारला तेव्हा ७८ वर्षांच्या संचालकांना राग आला नाही. त्यांनी दुसऱ्या फळीतल्या तिघांना बोलावून समोर बसवले.

७. डाउन सिंड्रोम आहे म्हणून प्रकृतीबाबत वेगळे काय विचारावे?

इतर बौद्धिक दिव्यांगांपेक्षा काही बाबी खरोखरच वेगळ्या आहेत. थायरॉइडची कमतरता इतकी नेहमीची आहे की दरवर्षी रक्त तपासावे लागते. जवळपास निम्म्या बाळांना हृदयाचा जन्मजात दोष असतो. लहानपणी शस्त्रक्रिया झाली असली तरी जुने कागद आणि अलीकडचा इको संस्थेच्या फाइलीत हवा. झोपेत श्वास अडकणे, ऐकू कमी येणे, लवकर होणारा मोतीबिंदू आणि वजन वाढणे हेही ठरलेले. मानेचे वरचे दोन मणके काहींमध्ये सैल असतात, म्हणून कोलांटउड्या किंवा मानेवर भार येणारी आसने डॉक्टरांना विचारल्याशिवाय करून घेऊ नयेत आणि भूल देण्याआधी भूलतज्ज्ञांना ही बाब सांगावी. चाल बदलली, हात दुबळे झाले किंवा लघवीवरचा ताबा गेला तर लगेच दाखवावे.

संस्थेत डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात एवढे उत्तर पुरेसे नाही. या तपासण्यांची तारीख कोण लक्षात ठेवते आणि खर्च कोणाचा, हे विचारावे. राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' आरोग्य विमा योजना वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते आणि तिच्यासाठी आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. प्रवेशाआधीच नाव नोंदवावे.

स्वतःशी बोलणे हे मात्र आजाराचे लक्षण समजू नये. डाउन सिंड्रोम असलेल्या कितीतरी प्रौढांना दिवसभराच्या घडामोडी एकट्याने मोठ्याने बोलून लावून घेण्याची सवय असते. एका संस्थेत याच कारणावरून भावाला मानसोपचाराच्या गोळ्या सुरू केल्या गेल्या, त्याही आम्हाला न विचारता. भेटीला गेलो तेव्हा तो दुसऱ्याचाच शर्ट घालून, जेवणाच्या ताटासमोर पेंगत बसला होता. त्याच दिवशी त्याला घरी आणले. नवे औषध सुरू करण्याआधी कुटुंबाला कळवले जाईल, हे कलम करारात लिहून घ्यावे असे मी तेव्हापासून सर्वांना सांगते.

८. पन्नाशीनंतर विसरायला लागला तर संस्था ठेवून घेईल का?

प्रवेशाच्या वेळी सहसा कोणी विचारत नाही आणि पुढे सगळ्यांत महाग पडतो तो हाच प्रश्न. अल्झायमरशी संबंधित अमायलॉइड प्रथिनाचे जनुक २१ व्या गुणसूत्रावर असते आणि डाउन सिंड्रोममध्ये त्याच गुणसूत्राची एक प्रत जास्त असते. त्यामुळे चाळिशीपर्यंत बहुतेकांच्या मेंदूत अल्झायमरचे बदल सुरू झालेले असतात. लक्षणे सर्वांना दिसतातच असे नाही, पण साठीपर्यंत निम्म्याहून अधिक जणांना दिसू लागतात. सुरुवात अनेकदा विसरण्याने होत नाही. हट्टीपणा वाढणे, आवडीच्या कामातून मन उडणे, पायऱ्या उतरताना थबकणे अशी होते. वय झाल्यावर प्रथमच फिट येणे हेही एक लक्षण असू शकते.

बहुतेक संस्थांची प्रवेशाची अट 'स्वतःची दैनंदिन कामे स्वतः करणारा' अशी असते. ती प्रवेशापुरती आहे की मुक्काम चालू राहण्यासाठीही, हे लेखी विचारावे. आंघोळ घालावी लागली, डायपर लागले, रात्री उठून फिरू लागला, तर काय? जादा शुल्क घेऊन ठेवतील, वेगळ्या खोलीत हलवतील की पंधरा दिवसांत घेऊन जा म्हणतील? 'तेव्हाचे तेव्हा बघू' असे उत्तर मिळाले तर त्याचा अर्थ 'घेऊन जा' असाच धरावा.

त्याच वेळी उलटी चूकही टाळावी. थायरॉइड बिघडणे, ऐकू न येणे, मोतीबिंदू, अपुरी झोप आणि उदासीनता यांची लक्षणे हुबेहूब स्मृतिभ्रंशासारखी दिसू शकतात आणि त्यांवर उपाय असतो. तुलनेसाठी आधीची नोंद हवी. आम्ही भावाच्या ३५ व्या वर्षापासून दर दिवाळीला दोन मिनिटांचा व्हिडिओ काढतो: सदऱ्याची बटणे लावणे, जिना चढणे, सही करणे आणि फराळातल्या पाच पदार्थांची नावे सांगणे. गेल्या वर्षी त्याने अनारशाला 'ते गोल' म्हटले. डॉक्टरांनी आधीचे व्हिडिओ मागवून घेतले, कान तपासले, थायरॉइड तपासले आणि औषधाची मात्रा बदलली. यंदा त्याने न अडखळता 'अनारसा' म्हटले.

९. शुल्क आणि ठेव यांचा हिशेब कसा करावा?

आजचे मासिक शुल्क परवडते का, हा अपुरा प्रश्न आहे. उदाहरणादाखल महिना २०,००० रुपये धरले आणि दरवर्षी ६ टक्के वाढ धरली, तर १२ वर्षांत ती रक्कम सुमारे ४०,००० आणि २४ वर्षांत सुमारे ८०,००० होते. तोवर आई-वडिलांचे पेन्शन चालू असेलच असे नाही. म्हणून वाढ किती आणि कोण ठरवते हे करारात असावे.

आजीवन निवासासाठी मोठी ठेव मागितली जाते. ती देणगी आहे की परतावा मिळणारी अनामत? सहा महिन्यांत परत आणले तर किती परत? मृत्यूनंतर कोणाला? संस्था बंद पडली तर? पावतीवर 'देणगी' लिहिलेले असेल आणि तोंडी 'परत देऊ' म्हटले असेल, तर पावती खरी धरली जाते.

पालक सरकारी नोकरीत असतील तर स्वतः कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला आजीवन कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. त्याचे नाव पालकांच्या हयातीतच निवृत्तिवेतनाच्या कागदांत नोंदवून घ्यावे. मागाहून ते करणे म्हणजे हेलपाटे.

१०. आम्ही आई-वडील आहोत, मग वेगळे पालकत्व कशाला?

कारण १८ वर्षे पूर्ण झाल्यावर आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. बँक, मालमत्तेचे व्यवहार, काही संस्थांचे प्रवेशअर्ज येथे हे अडते. राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ च्या कलम १४ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती पालक नेमते. आई-वडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था अर्ज करू शकते. नेमणुकीनंतर ६ महिन्यांत मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. पालक भारतीय नागरिक असावा लागतो. व्यक्ती स्त्री असेल तर एकटा पुरुष पालक नेमला जात नाही. पत्नीसह सहपालक म्हणून नेमतात आणि त्यात पत्नी मुख्य असते.

घर देणारी संस्था आणि पालक एकच नसावेत, असे माझे ठाम मत आहे. ज्याच्या सेवेबद्दल तक्रार करायची तोच तक्रार करण्याचा अधिकार बाळगून असेल, तर तक्रार होणार कशी?

११. 'माझ्या पश्चात पुतण्या पालक' असे मृत्युपत्रात लिहिले तर पुरेसे आहे का?

प्रौढ व्यक्तीसाठी नाही. मृत्युपत्राने पालक नेमण्याची सोय अज्ञान मुलांसाठी आहे. प्रौढासाठी पुतण्याला स्थानिक स्तर समितीकडेच जावे लागेल. मृत्युपत्रातला उल्लेख तुमची इच्छा म्हणून उपयोगी पडेल, इतकेच. मालमत्ता थेट त्याच्या नावे ठेवण्याऐवजी भारतीय न्यास अधिनियम १८८२ खाली खासगी विश्वस्त न्यास करून विश्वस्त आणि पालक वेगवेगळे ठेवावेत. हे काम वकिलाकडूनच करून घ्यावे.

१२. त्याला विचारायचे का? तो तर सरळ 'नाही' म्हणतो.

विचारायचेच. २०१६ च्या अधिनियमाचे कलम ५ दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क देते आणि अमुकच ठिकाणी राहण्याची सक्ती तिच्यावर करता येत नाही असे म्हणते. शिवाय, न पाहिलेल्या ठिकाणाला कोणीही 'नाही'च म्हणेल. आधी जेवायला जावे, मग एखाद्या सणाला, मग एक रात्र. दोन ठिकाणे दाखवून 'कुठले आवडले' असे विचारले तर उत्तर मिळते. भावाने आमच्या पसंतीचे एक उत्तम घर नाकारले. कारण विचारल्यावर तीन दिवसांनी तो म्हणाला, 'तिकडे रेडिओ नाही.' खरोखरच तिथे दिवसभर दूरदर्शन संच चालू असे आणि रेडिओ नव्हता. त्याच्या लेखी ते घर नव्हते.

तो आग्रहाने, पुन्हा पुन्हा आणि भीतीने 'नाही' म्हणत असेल, विशेषतः एकदा राहून आल्यानंतर, तर तिथे काय घडले ते शोधावे (प्रश्न १८).

१३. संस्था म्हणते, पहिला महिनाभर भेटायला येऊ नका. मान्य करावे का?

रुळण्यासाठी थोडे दिवस भेटी टाळाव्यात यात तथ्य आहे, पण महिनाभर आवाजही ऐकू न देणारा सरसकट नियम मी मान्य करणार नाही. आठवडाभराने फोन आणि दोन आठवड्यांनी भेट, असे ठरवून घ्यावे. सोबत एका पानाची ओळख द्यावी. डाउन सिंड्रोममध्ये उच्चार अनेकदा अस्पष्ट असतात आणि घरच्यांना कळणारे शब्द बाहेरच्यांना कळत नाहीत. आमच्या पानावर होते: 'बाबू' म्हणजे टॉवेल, 'टाटा दे' म्हणजे पंखा बंद करा, 'पोट गेले' म्हणजे भूक लागली. शेवटचे कळले नसते तर त्याला रोज जुलाब थांबवण्याचे औषध मिळाले असते.

कर्मचारी मराठी बोलणारे आहेत का, हेही याच कारणासाठी पाहावे. जेवणाच्या सवयींपेक्षा मला हे महत्त्वाचे वाटते. वरणभात कुठेही मिळतो.

१४. आई नुकतीच गेली. आता लगेच हलवावे का?

टाळता येत असेल तर टाळावे. आई आणि घर एकाच आठवड्यात हरवणे कोणालाही झेपणार नाही. बोलणे बंद होणे, येत असलेली कामे सोडून देणे असे काही महिने चालू शकते आणि त्याला घाईने स्मृतिभ्रंश म्हटले जाते. कोणीतरी काही महिने त्याच्याच घरी येऊन राहावे आणि हळूहळू नव्या जागी ये-जा सुरू करावी. 'आई गावाला गेली' असे सांगू नये. तो रोज तिची वाट पाहील. आमच्या भावाने आईला अग्नी दिला आणि त्यानंतर त्याने ती कधी येणार असे एकदाही विचारले नाही.

१५. बहिणीच्या प्रवेशासाठी 'गर्भाशय काढून आणा' असे सुचवले गेले. हे कायदेशीर आहे का?

नाही. २०१६ च्या अधिनियमाच्या कलम १० नुसार दिव्यांग व्यक्तीच्या स्वतःच्या मोकळ्या आणि माहितीपूर्ण संमतीविना वंध्यत्व आणणारा कोणताही वैद्यकीय उपचार करता येत नाही. १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मतिमंद मुलींवर पुण्यात अशा शस्त्रक्रिया झाल्या, तेव्हा राज्यभर गदारोळ झाला होता. कारण 'पाळीची स्वच्छता' हेच सांगितले गेले होते. पाळीची काळजी बहुतेक मुली शिकवल्यावर घेतात आणि ज्यांना जमत नाही त्यांना मदत करणे हे संस्थेचे कामच आहे. गर्भाशय काढल्याने अत्याचार थांबत नाहीत. झालेला अत्याचार फक्त लपतो. अशी अट घालणाऱ्या ठिकाणाहून उठून यावे.

१६. जवळच्या मनोरुग्ण पुनर्वसन केंद्रात किंवा वृद्धाश्रमात जागा आहे. चालेल का?

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ मधील मानसिक आजाराच्या व्याख्येत बौद्धिक अक्षमता येत नाही. त्यामुळे केवळ डाउन सिंड्रोम आहे म्हणून मनोरुग्णांच्या केंद्रात ठेवणे योग्य नाही. व्यसनमुक्ती केंद्राचा तर विचारही करू नये. वृद्धाश्रमाचा प्रश्न वेगळा आहे: वृद्ध आई आणि तिचा मुलगा एकत्र राहू शकतील अशी सोय काही ठिकाणी मिळते आणि आईच्या हयातीत ती सुखाची ठरते. मात्र आईनंतर तो तिथे राहू शकेल का, हे आधी ठरवून घ्यावे.

१७. आम्ही भावंडे परदेशात आहोत. त्याला इकडे आणता येईल का?

बहुतेक देशांत प्रौढ भाऊ-बहीण 'अवलंबित' या व्याख्येत बसत नाहीत. अमेरिकी नागरिक भावंडासाठी अर्ज करू शकतो, पण भारतीयांसाठी त्या रांगेची प्रतीक्षा १५ वर्षांहून अधिक आहे. म्हणून घर भारतातच शोधावे लागेल, आणि त्यासाठी पैसे पाठवणाऱ्यापेक्षा महिन्यातून एकदा न सांगता जाऊ शकणारा माणूस अधिक मोलाचा. परदेशी नागरिकत्व घेतले असल्यास पालकत्वाचा अडसर प्रश्न १० मध्ये दिला आहे. व्हिडिओ-कॉल ठरलेल्या वेळी होत असेल तर मधूनच वेगळ्या वेळी करावा.

१८. मारहाण किंवा छळाचा संशय आहे. काय करावे?

पहिल्यांदा त्याला तिथून बाहेर काढावे आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्यावी. संस्थेशी वाद घालत बसण्यात पुरावा जातो. २०१६ च्या अधिनियमाच्या कलम ७ नुसार कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते आणि ते सुटकेचे व संरक्षणाचे आदेश देऊ शकतात. पोलिसांत स्वतंत्र तक्रार करावी आणि राज्याच्या दिव्यांग आयुक्तांनाही कळवावे. व्यक्ती १८ वर्षांखालील असून लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर पॉक्सो कायदा लागू होतो आणि माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती कळवण्याचे बंधन असते.

कॅमेरे आहेत म्हणून निर्धास्त राहू नये. ते व्हरांड्यात असतात. त्यापेक्षा प्रत्येक भेटीत त्याला आंघोळ घालण्याचे किंवा कपडे बदलण्याचे निमित्त काढावे. पाठ आणि दंड पाहून होतात.

१९. एकदा ठेवल्यावर सणावाराला घरी आणावे का? परत जायला त्रास देईल.

आणावे, पण कधी आणणार आणि कधी सोडणार हे कॅलेंडरवर त्याच्याच हाताने खुणा करून ठरवावे. तारीख मोडू नये, एक दिवसानेही. पहिल्या दोन दिवाळ्यांना आमचा भाऊ परत जाताना रडला. तिसऱ्या वर्षी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उठलो, तर तो पिशवी भरून, बूट घालून दाराशी खुर्चीत बसला होता. मी म्हटले, 'अरे, संध्याकाळी निघायचे आहे.' तर म्हणाला, 'पेले कोण लावेल?'